डावी मोकळी

पिकअपच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या वर, विजयमालाच्या कोपराच्या उंचीवर एक ओरखडा होता. वीतभर लांब. पुढच्या टोकाला खोल, मागं जाताना पुसट होत गेलेला. त्याच्या बोटभर खाली दुसरा, तसाच. तिसरा या दोघांना तिरका छेदून गेला होता आणि त्याच्या खाचेत निळ्या रंगाचे बारीक कण अडकले होते. सोसायटीच्या फाटकाला हाच निळा रंग होता.

ती वळसा घालून उजव्या बाजूला गेली. तिथला पांढरा रंग दिला तेव्हा होता तसाच होता. तिनं हात फिरवून पाहिला. बोटांना काही लागलं नाही.

"काय शोधतेस मॅडम? प्रॅक्टिकल आहे का आज?" सर्जेराव वरून म्हणाले. ते टपावर चढून सोलर पॅनलवरची धूळ पुसत होते.

"डावीकडं आणखी एक ओरखडा वाढलाय."

"असू दे. आपलं फाटकच अरुंद आहे."

फाटक दोन्ही बाजूंनी सारखंच अरुंद होतं. हे वाक्य तिच्या तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं. गेले कित्येक महिने ते तिथंच थांबत होतं.

उद्या सकाळी निघायचं होतं. कोकणातून खाली, गोवा, कारवार, केरळ, थेट कन्याकुमारी. "जाताना समुद्र उजवीकडं राहील, येताना डावीकडं," असं सर्जेराव भेटेल त्याला सांगत होते. विजयमाला प्रत्येक वेळी ते ऐकायची आणि तिच्या मनात यायचं, म्हणजे यांना समुद्र फक्त जातानाच दिसेल.

कोथरूड गावठाणाच्या कडेला सर्जेरावांची नर्सरी होती. आसपासच्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांमधली निम्मी झाडं याच पिकअपमधून घरोघरी पोचलेली. झाडांना सुट्टी नसते. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं की रोपं माना टाकतात. त्यामुळं लग्न झाल्यापासून सर्जेराव दोन रात्रींच्या वर कुठं राहिले नव्हते. लग्नानंतर दोघं महाबळेश्वरला गेली, तिथूनही दुसऱ्या दिवशी परतली, कारण नर्सरीतल्या भैरूला फर्नला किती पाणी घालायचं ते उमगत नव्हतं. विजयमाला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर हिंडून यायची, फोटो दाखवायची आणि ते कुंड्या भरता भरता बघायचे. "समुद्राचा आवाज रात्रीपण येतो का गं?" असं एकदा त्यांनी विचारलं होतं. तेव्हा ते पन्नाशीला आले होते.

मग भावकीनं जमीन बिल्डरला दिली. नर्सरी आवरली, झाडं वाटली गेली, भैरू गावाकडं गेला. सर्जेरावांनी एकच गोष्ट हातची सोडली नाही, ती म्हणजे ही डिझेलची पिकअप. तिचा माल वाहायचा हौदा काढून तिथं चालतं घर बसवायचं त्यांनी ठरवलं.

काम नासिरनं घेतलं. त्याचं पत्राकामाचं दुकान कसबा पेठेत होतं. पण त्या बोळात पिकअप शिरेना, म्हणून तोच वेल्डिंगचं यंत्र घेऊन नर्सरीच्या उरलेल्या शेडमध्ये येऊ लागला. लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा, आत दुमडता येणारा पलंग, पाण्याची टाकी, छताला पंखा, दोन्ही बाजूंना सरकत्या काचांच्या खिडक्या. आरटीओकडं खेपा घालून बदलाची मंजुरीही सर्जेरावांनी आणली. सोसायटीच्या फलकावर तोवर सूचना लागली होती: 'पार्किंगमधील पांढरे वाहन हे वाहन आहे की घर, याचा मालकांनी खुलासा करावा. घर असल्यास मेंटेनन्स लागू होईल.' सर्जेरावांनी खाली पेननं लिहिलं, 'घर आहे. लवकरच स्थलांतर करत आहे.'

पत्र्याच्या आत रबराचा जाड थर आणि त्यावर प्लाय लावायचं, ही सूचना विजयमालाची. ऊन आणि आवाज दोन्ही अडवायचे तर नुसता प्लाय पुरणार नाही, हे तिनंच नासिरला पटवून दिलं. काम झाल्यावर नासिरनं तिला आत उभं केलं, दार लावलं आणि बाहेरून पत्र्यावर मूठ मारली.

"आला का आवाज, काकू?"

"कुठं मारलंस?"

"ह्याला म्हणतात काम!" दार उघडत नासिर म्हणाला. "आता आत झोपा नाहीतर काकांवर ओरडा, बाहेर कुण्णाला कळणार नाही."

एक गोष्ट मात्र तिला खटकली होती. स्वयंपाकाच्या ओट्याचा लोखंडी पाय नासिरनं मध्ये रबर न घालता थेट गाडीच्या चासीला बोल्टनं आवळला होता. इंजिन सुरू झालं की ओट्यावरचे डबे थरथरायचे आणि ओट्याला टेकलं तर ते कंपन दातांपर्यंत जायचं. "ते नंतर करू," असं ठरलं आणि राहून गेलं.

डोळ्यांचंही तसंच. सर्जेरावांना काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. रोज झोपताना ती त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. डॉक्टरांनी नजरेची कक्षा तपासून घ्यायला सांगितलं होतं. "गाडी झाली की करू," असं म्हणत त्यांनी ते पुढं ढकललं. मधल्या काळात लायसनचं नूतनीकरण आलं. त्यासाठी गेले तिथं त्यांना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला आणि त्यांनी शेवटची ओळही न अडखळता वाचली. येताना पेढे घेऊन आले. काचबिंदू कडेकडून आत सरकतो आणि मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. तक्ता मधलंच विचारतो.

पेढे खाल्ले त्या दुपारी तिनं त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. समोरच्या कॅलेंडरवरच्या एका तारखेकडं बघत राहायचं, मी बाजूनं काडेपेटीची काडी आणीन, दिसली की सांगायचं. उजवीकडून काडी आणली तशी ते लगेच "आली" म्हणाले. डावीकडूनही "आली" म्हणाले, तेवढ्याच लवकर. तिला सुटल्यासारखं झालं आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की आपल्या डाव्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या होत्या. तिनं बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा हात लांब केला. काडी हळूहळू पुढं आणली. कानाच्या पुढं आली. गालाच्या रेषेत आली.

"अगं, सुरू कर की," कॅलेंडरकडं बघत सर्जेराव म्हणाले.

काडी तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यापासून फार लांब नव्हती.

तिनं ती खाली ठेवली आणि "झालं" म्हणाली. "पास ना?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता, की ती चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर ती गाडीत नेहमी डाव्या सीटवर बसू लागली. नर्सरीच्या दिवसांत तिथं भैरू असायचा. गाडी वळवताना, मागं घेताना तो खिडकीतून डोकं काढून "डावी मोकळी" म्हणायचा आणि हौद्यात असला तर पत्र्यावर थाप मारायचा: एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. विजयमाला ते सगळं उचलून बसली. प्रत्येक वळणाला, प्रत्येक सिग्नलला, "डावी मोकळी", "थांबा, सायकल आहे", "या, या, मोकळी". सर्जेराव खूश होते. "क्लीनरला एमएस्सी लागते, हे भैरूला माहीत असतं तर बिचारा शिकला असता," असं म्हणायचे. ते विनोद करायचे, पण ती बोलेपर्यंत गाडी वळवायचे नाहीत. याबद्दल दोघांत एकदाही बोलणं झालं नाही. ओरखडे पडले ते ती बरोबर नसताना.

फाटकातून आता रिक्षा आत आली. मागच्या सीटवरून सर्जेरावांची थोरली बहीण सरुबाई हातात नारळाची पिशवी घेऊन उतरली. घरची रीत होती: गाडी नवी असो की नव्यानं बांधलेली, आधी गावच्या म्हातोबाला न्यायची, तिथं नारळ फोडायचा, मगच ती लांबच्या रस्त्याला लागायची. देऊळ जवळ होतं. चालत गेलं तरी फार वेळ लागला नसता.

"केवढं धूड केलंय रं हे," सरुबाई गाडीकडं बघत म्हणाली. "ह्यात न्हाणीघर बी हाय का?"

"सगळं हाय अक्का. तू फक्त बस."

मागच्या दाराला तीन उंच पायऱ्या होत्या. सरुबाईनं एका पायरीवर पाय ठेवला, गुडघा धरला आणि खाली घेतला. "माझ्यानं न्हाय चढवत. म्या म्होरंच बसते."

पुढं दोनच सीट होत्या. जुनं सलग बाक काढून नासिरनं मध्ये बॅटरीची पेटी बसवली होती.

"वन्सं, मी धरते ना तुम्हाला," विजयमाला घाईनं म्हणाली. "नाहीतर असं करू, आपण रिक्षानं जाऊ. हे गाडी घेऊन येतील मागून..." आणि ते एकटे गाडी आणतील, या विचारानं ती मध्येच थांबली. "नाहीतर चालतच जाऊ सगळे."

"चालत? गाडीला नारळ फोडायचा, का आपल्याला?" सर्जेराव हसले. "अगं, तू बस की मागं. तुझ्याच घरात बस, खिडकीतून बघ, कसं वाटतं ते सांग. अजून एकदा तरी बसलीयेस का चालत्या गाडीत मागं?"

"अहो, मी पुढं असलेली बरी."

"का?"

सरुबाई दोघांकडं बघत होती. सर्जेरावांच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण डोळे विजयमालाच्या डोळ्यांवर येऊन थांबले होते. का, हे त्यांना ठाऊक होतं. आणि ते तिला तिथं, बहिणीसमोर, बोलू नकोस म्हणून विनवत होते.

"काही नाही," ती म्हणाली. "हळू चालवा."

ती मागं चढली. दार लागलं आणि बाहेरचं सगळं एकदम दूर गेलं. इंजिन सुरू झालं तेही पायांना कळलं, कानांना फारसं नाही. ओट्यावरचे डबे थरथरू लागले. तिनं डाव्या खिडकीशी जाऊन काच सरकवली. तिची पर्स, पर्समध्ये फोन, पुढच्या सीटवर राहिली होती.

फाटक आलं. डाव्या बाजूचा निळा खांब खिडकीच्या दिशेनं येत होता, हवा होता त्याहून जवळ. तिनं भैरूसारखी पत्र्यावर थाप मारली. एक. थांबा. हात रबरावरच्या प्लायवर आपटला आणि भद् असा, उशीवर मारल्यासारखा आवाज झाला. गाडी थांबली नाही. खांब खिडकीखालून खरवडत मागं गेला.

चौथा, तिच्या मनात आलं.

ती खिडकीतून ओरडली, "अहो! थांबा!" केबिनच्या काचा बंद होत्या. सरुबाईला वाऱ्यानं कान दुखायचे.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. रविवार असूनही गर्दी होती. मेट्रोच्या कामाचे पत्रे रस्त्यात आले होते आणि उरलेल्या पट्टीतून बस, रिक्षा, दुचाक्या एकमेकींना घासत चालल्या होत्या. सर्जेराव हळू चालवत होते, तिनं सांगितलं होतं तसं. त्यामुळं डावीकडून दुचाक्या जास्तच पुढं घुसत होत्या. एक बाई भाजीची पिशवी धरून पत्र्याला चिकटून उभी राहिली; तिच्या पदरावरून गाडीचा वारा गेला. एका पोरानं हँडल आवरत खिडकीकडं बघून शिवी दिली. विजयमालानं पुन्हा थाप मारली, मग दोन्ही मुठी. तिला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नव्हता. तो बाहेर जाऊ नये याची व्यवस्था तिनंच केली होती.

गावठाणाकडं वळायचा बोळ डाव्या हाताला होता. ती खिडकीतून शक्य तितकी बाहेर वाकली. मागून एक स्कूटर येत होती. क्लासला जाणारी मुलगी असावी, पाठीवर सॅक, तोंडाला रुमाल. ती गाडीच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीत शिरली. पुढं गाडीचा डावा दिवा लुकलुकू लागला. मुलगी तोवर मागच्या चाकाशी पोचली होती. तो दिवा तिला दिसत नव्हता.

पुढचं चाक बोळाकडं वळू लागलं.

विजयमालानं हात हलवला, ओरडली. मुलीच्या कानात काहीतरी खुपसलेलं होतं. फट कमी होत होती. ती मागं वळली. डबे थरथरत होते. ओटा. ओट्याचा पाय. ती खाली बसली, खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्या पायावर एकदा हाणला.

ऐरणीवर घण बसावा तसा ठणका तिच्या खांद्यापर्यंत गेला. लोखंडातून लोखंडात, चासीतून पुढं.

एक थाप. थांबा.

गाडी जागच्या जागी थांबली. डबे ओट्यावरून घरंगळले, ती पलंगाच्या कडेवर आदळली. बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

ती दार उघडून खाली उतरली तेव्हा बत्ता हातातच होता. स्कूटर फुटपाथला टेकून आडवी झाली होती. मुलगी बाजूला बसली होती, कोपर खरचटलेलं, बाकी धड. पुढच्या टायरमध्ये आणि तिच्या सॅकमध्ये वीतभर अंतर होतं. विजयमालानं तिला उठवलं, रुमाल सोडवला, हात-पाय हलवून पाहिले.

"मी ठीक आहे काकू," मुलगी म्हणाली. "सॉरी. मी लेट झाले होते."

चहाच्या टपरीवरचे दोघं-तिघं पुढं आले. त्यातले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, हातात चहाचा ग्लास तसाच, मुलीला म्हणाले, "डावीकडून ओव्हरटेक करायला वेगळं लायसन मिळतं का हो ताई? की क्लासमध्येच शिकवतात?"

"सॉरी काका."

"मला कशाला सॉरी? त्यांना म्हणा. त्यांनी ब्रेक मारला म्हणून तुम्ही सॉरी म्हणायला उरलात."

सर्जेराव खाली उतरले होते. गाडीच्या बोनेटला धरून उभे होते, चेहरा राखेसारखा. ते मुलीकडं बघत होते, आणि नीट बघता यावं म्हणून मान पार डावीकडं वळवून बघत होते.

"पोरगी कुठून आली?" ते पुटपुटले.

"आली वाऱ्यावानी," सरुबाई केबिनमधून म्हणाली. "तुझं काय चुकलं न्हाय रं. दिवा लावला हुतास तू. म्या सोता बघितला."

"चूक पोरीचीच आहे," दुसरा एकजण म्हणाला. "काका, तुमची काही चूक नाही. निघा तुम्ही. ट्रॅफिक तुंबलंय मागं."

मुलीनंही मान हलवली. "हो काका, माझंच चुकलं."

सर्जेरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत येऊ लागला. विजयमालाला तो येताना दिसत होता. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, स्कूटर सरळ करून स्टँडवर लावली, मुलीला "जपून जा बाळ" म्हणाले. मग विजयमालाजवळ आले आणि तिच्या हातातल्या बत्त्याकडं बघून अगदी हळू म्हणाले, "भैरूनंपण कधी एवढ्या जोरात मारली नव्हती."

तिनं बत्ता दुसऱ्या हातात घेतला.

"ऐक. अक्काला आपण दोघं मिळून मागं चढवू. तू पुढं बस. तू पुढं असलीस की काही होत नाही. होतं का कधी? सांग बरं. उद्यापासून तर तू पुढंच आहेस ना. सगळा रस्ता."

मागं हॉर्न वाजत होते. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि हातानं रस्ता मोकळा करायला लागले. मुलगी रुमाल बांधत होती. सर्जेरावांनी केबिनचं दार उघडलं, एक पाय वर ठेवला आणि सवयीनं, मागं न बघता, विचारलं, "डावी मोकळी?"

विजयमाला जागची हलली नाही.

"अहो, खाली उतरा."

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. टपरीवरची माणसं वळली. सरुबाईनं काच खाली केली.

"विजू, नंतर बोलू. घरी," सर्जेराव म्हणाले.

"नाही. आत्ता." तिनं मुलीकडं पाहिलं. "बाळ, तू आतल्या बाजूनं घुसायला नको होतंस. पण ह्यांनी तुला पाहिलंच नव्हतं. तू नसतीस तर दुसरं कुणी असतं." मग ती नवऱ्याकडं वळली. इतक्या महिन्यांचं ते वाक्य तिला वाटलं होतं तेवढं लांब नव्हतं.

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही. किल्ली माझ्याकडं द्या."